सातशेवीस भागांची तार



ज्या उदगीर गावाच्या नावाने १७६० सालच्या फेब्रुवारीतील सदाशिवरावभाऊंचा निजामाच्या फौजेवरील विजय ओळखला जातो, ज्या गावाच्या किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी आहे, आणि ज्या गावाने २०२२ साली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन शिरावर घेऊन पार पाडले, त्या गावात स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहणाऱ्या माणसाने इतिहासावर बोलावे, साहित्यावर बोलावे, फार तर शेतीपाण्याच्या प्रश्नावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही असते. मी आज बोलणार आहे तो विषय मात्र व्हिडिओ गेमच्या आवाजाचा आहे. संयोजकांना मी हा विषय कळवला तेव्हा त्यांनी तो मोठ्या सभ्यतेने माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला, हे येथे नमूद करतो. त्यांची शंका गैरवाजवी होती असे मी म्हणणार नाही.

या सभागृहात जे आज चाळिशी-पन्नाशीच्या घरात आहेत त्यांना हा आवाज वेगळा सांगावा लागणार नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतून, बसस्थानकाच्या आसपास, पडदा लावलेल्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात लाकडी पेट्या उभ्या असत. त्या पेट्यांत दूरचित्रवाणीची नळी, खाली दांडी आणि बटणे, आणि त्याहून खाली, धुळीने भरलेल्या जाळीमागे, एक फाटका स्पीकर असे. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली काढलेल्या 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' या खेळाला भारतभर त्यातल्या एका पात्राच्या नावावरून 'मुस्तफा' म्हणत आणि शाळा बुडवून तो खेळणाऱ्या मुलांचा शोध पालक आवाजाच्या दिशेने घेत. त्या गाळ्यांची मी भलावण करीत नाही. तेथे वेळ जाई, पैसा जाई, आणि काही ठिकाणी खेळाच्या आडून जुगारही चाले. पण ज्या आवाजाला आपण त्या काळी केवळ कलकलाट म्हणून नाक मुरडले, तो आवाज येत कोठून होता, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांनी विचारला? रेडिओतून येणारा आवाज कोणीतरी गायलेला असतो, ध्वनिमुद्रिकेतला आवाज कोणीतरी वाजवलेला असतो. मग त्या पेटीतला आवाज कोणी वाजवला होता?

तो कोणीच वाजवलेला नव्हता. निदान अशा पेट्यांच्या पहिल्या दहाबारा वर्षांत तरी, त्यांच्या उदरात ध्वनिमुद्रण म्हणून सहसा काही नसे. तेथे ध्वनी साठवलेला नसून प्रत्येक क्षणी हिशेबाने घडवला जात होता. हा माझा पहिला मुद्दा. आणि दुसरा मुद्दा, ज्यासाठी खरे म्हणजे मी येथवर आलो, तो असा की हा हिशेब जपानी किंवा अमेरिकन असल्याचे आपण समजत असलो तरी त्याची रीत आपल्या संगीतशास्त्राला तीनशे वर्षांपासून परिचित आहे. इतकी परिचित की एका जुन्या ध्वनी-आयसीच्या, म्हणजे आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या, अंगात आपला षड्ज जितक्या स्वाभाविकपणे बसतो, तितका युरोपचा पियानो बसत नाही.

आरंभापासून पाहू. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' हा चेंडूफळीचा खेळ तयार होत असताना, तो बांधणारा तरुण अभियंता अ‍ॅलन अल्कॉर्न याच्याकडे मालकांनी मागणी केली ती प्रेक्षकांच्या गर्जनेची. सर्किटच्या पाटीवर तशी गर्जना निर्माण करण्याइतकी जागाही नव्हती आणि पैसाही नव्हता. तेव्हा त्या गृहस्थाने काय करावे? पडद्यावरचे चित्र स्थिर ठेवण्यासाठी जे मोजणी-मंडल आधीच चालू होते, त्याच्यातच त्याने इकडेतिकडे तार लावून पाहिली, कानाला बरी वाटणारी एक कंप्रता निवडली, आणि चेंडू फळीला लागला की ती क्षणभर स्पीकरकडे सोडली. अर्ध्या दिवसाचेही काम नव्हते. चित्रासाठी चाललेल्या मोजणीतून ध्वनी जन्माला आला, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. कारण पुढची सगळी हकीकत याच मोजणीची आहे.

सहा वर्षांनी, १९७८ साली, टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बांधला. त्यात प्रत्येक आवाजाला स्वतंत्र मंडल होते: गोळीचे निराळे, स्फोटाचे निराळे, आणि वरून जाणाऱ्या तबकडीचा आवाज टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसएन-७६४७७ या आयसीतून येई. परंतु लोकांच्या छातीत धडधड उत्पन्न केली ती मात्र चारच उतरत्या खर्ज स्वरांनी. शत्रू जसजसे मरत तसतसे यंत्राला रेखाटायला कमी उरे, म्हणून उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकत. निशिकाडोंनी हा यंत्राचा स्वभावदोष दुरुस्त न करता खेळाचा गुण म्हणून ठेवला आणि त्या चार स्वरांची लयही त्याबरोबर चढत गेली. विलंबितातून द्रुतात जाण्याचे इतके निर्दय उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

त्याच वर्षी, १९७८ मध्ये, जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकन कंपनीने एवाय-३-८९१० नावाचा चाळीस पायांचा आयसी बाजारात आणला. आजच्या व्याख्यानाचा नायक तो आहे. प्रत्येक आवाजासाठी वेगळे मंडल जोडण्याची कटकट त्याने संपवली. तीन स्वर, एक कुजबुजता खरखराट आणि एक चढउताराचा आकार, एवढेच त्याचे भांडवल. परंतु 'फ्रॉगर'पासून '१९४२'पर्यंत कितीतरी खेळांनी त्यावर गुजराण केली, आणि १९८३ च्या 'जायरस' या खेळात तर कोनामी कंपनीने एका पाटीवर असे पाच आयसी बसवून बाखची सुप्रसिद्ध ऑर्गनरचना वाजवून घेतली. घरगुती संगणकांपैकी एमएसएक्स, अ‍ॅमस्ट्रॅड आणि स्पेक्ट्रम १२८ यांतही हाच आयसी किंवा याचे भावंड होते. भारतात डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली जो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला, तो मात्र आधीच्या घडणीचा असल्याने त्यात हा आयसी नव्हता. त्याच्या नशिबी एकच चालूबंद होणारा बीपर होता.

हा आयसी चालतो कसा? त्याची कल्पना आपल्या जुन्या मुलकी कचेरीवरून चांगली करता येते. त्याच्या पोटात सोळा रकान्यांचे एक दफ्तर आहे. बाहेरचा प्रोसेसर आधी रकान्याचा क्रमांक पाठवतो, मग त्या रकान्यात लिहायचा आकडा पाठवतो, आणि एकदा आकडा रुजू झाला की नवा हुकूम येईपर्यंत त्याची तामील अखंड चालू राहते. पहिल्या सहा रकान्यांत तीन स्वरांचे आकडे, दोन रकाने मिळून एक; पुढचा रकाना खरखराटाचा; त्यापुढचा परवानगीचा, म्हणजे कोणता स्वर आणि कोणता खरखराट बाहेर सोडावा याचा; मग तीन आवाजांच्या पातळीचे; मग चढउताराचे तीन; आणि शेवटचे दोन रकाने ध्वनीशी संबंध नसलेल्या इतर कामांचे. (परवानगीच्या रकान्यात शून्य म्हणजे परवानगी आणि एक म्हणजे मनाई, असा उलटा कारभार आहे. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांत उमेदवारी केली आहे त्यांना त्यात काही विशेष वाटणार नाही.) दफ्तराला स्वतःची चाल ठाऊक नसते, ताल ठाऊक नसतो. सेकंदाला पन्नास-साठ वेळा प्रोसेसरने येऊन रकाने बदलावेत, तेव्हा कोठे त्याचे संगीत होते. हुकूम थांबला की शेवटचा स्वर तसाच ओरडत राहतो. त्या गाळ्यांत खेळ मध्येच अडकला की एकच स्वर किंचाळत राहायचा, आणि मालक मागची कळ बंद करून पुन्हा चालू करायचा, त्याचे कारण हे.

आता स्वराच्या रकान्यातला तो आकडा म्हणजे काय? येथे थोडे सावकाश जावे लागेल. घाई झाली तर मजा जाईल.

आयसीला बाहेरून एक स्फटिक ठोके पुरवतो. त्या काळी स्वस्तात मिळणारा स्फटिक कोणता? जो अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीसाठी कोट्यवधींनी बनला तो, सेकंदाला ३५,७९,५४५ ठोक्यांचा. त्याचे दोन भाग केले की सुमारे १७,८९,७७२ ठोके आयसीच्या पायावर येतात. आत गेल्यावर त्यांना सोळाने भाग बसतो, म्हणजे उरले सेकंदाला सुमारे १,११,८६१. आणि या संख्येला तुम्ही रकान्यात लिहिलेल्या आकड्याने भागले की जी कंप्रता येते, तो तुमचा स्वर. आकडा १ पासून ४०९५ पर्यंत कोणताही लिहावा, पण तो पूर्णांक असला पाहिजे. अपूर्णांकाला या दफ्तरात दाखला नाही. आकडा मोठा केला की स्वर उतरतो, लहान केला की चढतो.

मोठ्या आकड्याला खालचा स्वर आणि लहान आकड्याला वरचा स्वर, हे वागणे आपण दुसरे कोठे पाहिले आहे? तारेवर पाहिले आहे. तार लांब तर स्वर खाली, तार निम्मी तर स्वर बरोबर एक सप्तक वर. त्या रकान्यातला आकडा ही खरोखरच एका अदृश्य तारेची लांबी आहे. आयसी बनवणाऱ्यांनी तसे म्हटलेले नाही, त्यांना तसे म्हणण्याचे प्रयोजनही नव्हते. पण गणित तेच आहे.

आणि तारेच्या लांबीने स्वर सांगण्याची परंपरा कोणाची? सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेचे भाग पाडून स्वरांची स्थाने सांगितली, त्यामागून श्रीनिवासाने 'रागतत्त्वविबोधा'त तीच वाट धरली, आणि पंडित भातखंड्यांनी ही स्थाने इतकी प्रचारात आणली की संगीताच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थी आजही छत्तीस इंचांची तार कल्पून ती तोंडपाठ सांगतो: षड्ज ३६ इंचांवर, रिषभ ३२ वर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर आणि तार षड्ज १८ वर. या सभागृहात गाणे शिकणारे जे विद्यार्थी आहेत त्यांनी हे पाठ केले असेल, आणि हे आपल्याला आयुष्यात कोठे उपयोगी पडणार, असा प्रश्नही त्यांना पडला असेल. उपयोगी येथे पडते. त्या छत्तीस इंचांच्या प्रत्येक इंचाचे वीस भाग करा. तार झाली सातशेवीस भागांची.

रकान्यात ७२० लिहिले की षड्ज वाजतो. ६४० लिहिले की शुद्ध रिषभ. ५७६ वर शुद्ध गंधार, ५४० वर शुद्ध मध्यम, ४८० वर पंचम, ४३२ वर शुद्ध धैवत, ३८४ वर शुद्ध निषाद, आणि ३६० वर तार षड्ज. सर्व पूर्णांक, आणि सर्व निसर्गशुद्ध प्रमाणे: पंचम षड्जाच्या दीडपट, मध्यम चार तृतीयांश, गंधार सव्वापट. कोमल स्वरांचे काय? कोमल रिषभ ६७५, कोमल गंधार ६००, तीव्र मध्यम ५१२, कोमल धैवत ४५०, कोमल निषाद ४००. बाराच्या बारा स्वर आले, एकाही ठिकाणी अपूर्णांक आला नाही, कोठे तडजोड करावी लागली नाही. आणि या तारेचा षड्ज कोणत्या पट्टीचा निघतो? कंप्रता येते १५५.३६. हार्मोनियम वाजवणाऱ्याला विचारा, ही काळी दोन. स्वरांतराचे शंभर भाग केले तर खऱ्या काळी दोनपेक्षा तो अडीच भागांनीही उतरलेला नाही. अमेरिकेच्या रंगीत चित्रांसाठी कापलेला स्फटिक महाराष्ट्रातल्या गवयाच्या पट्टीत येऊन बसावा, याला मी योगायोगच म्हणतो; त्यामागे ईश्वरी संकेत शोधणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु योगायोगाचा आनंद लुटायला काय हरकत आहे?

उलट पाश्चात्त्यांच्या समसप्तकाची स्थिती पाहा. तेथे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, आणि ते प्रमाण एका अशा संख्येचे आहे की जी कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकाराने येऊच शकत नाही. म्हणून बाखची रचना वाजवणाऱ्या त्या आयसीतले सप्तक सोडले तर इतर बहुतेक स्वर रतीमाशाने चुकलेलेच असतात, आणि वरच्या सप्तकांत ही चूक सामान्य कानालाही टोचू लागते. ज्या दोषाबद्दल तिकडचे रचनाकार कुरकुरत आले, तो दोष आपल्या पट्टीत दोषच राहत नाही.

स्वरांची नेमकी स्थाने कोणती, याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी केवढे रण माजले होते! डेप्युटी कलेक्टरीची नोकरी केलेले कृष्णाजी बल्लाळ देवल, ज्यांच्या हातून आयुष्यभर जमाबंदीचे कागद गेले असतील, त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. आणि क्लेमंट्स नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याने तर त्या श्रुती वाजवणारी हार्मोनियमच विलायतेत करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत या श्रुती-पेटीचा पक्ष टिकला नाही. भातखंड्यांचा तिला विरोध होता, आणि व्यवहारात बारा स्वर पुरेत, श्रुतींचे सूक्ष्म भेद गळ्यावर सोडावेत, ही त्यांची भूमिका होती. मला स्वतःला भातखंड्यांची बाजू अधिक पटते. गळा हा गणिताचा ताबेदार नाही; भैरवातला कोमल रिषभ ६७५ वर खिळवून ठेवला तर तो शुद्ध असेल, पण भैरवाचा असणार नाही. तो आंदोलित हवा. मग ६७५ आणि ६८३ यांच्या दरम्यान आकडा झुलवून पाहा. देवलांना असे काही हाती मिळते तर त्यांनी काय केले असते! धातूची पत्ती तासून तासून एकेक श्रुती मिळवण्याऐवजी एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, आणि पटला नाही तर तोही खोडायचा.

पण येथे थांबून या वाद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी विक्रेता ठरेन. मींड घ्यायची तर आकडा एकेकाने सरकवावा लागतो. मध्य षड्जाजवळ, ७२० च्या परिसरात, एक आकडा म्हणजे स्वरांतराच्या शंभर भागांपैकी जेमतेम अडीच भाग, तेथे मींड लोण्यासारखी येते; पण तार सप्तकाच्याही वर, आकडा ९० च्या घरात गेला, की एकेक पाऊल एकोणीस भागांचे पडते आणि मींडेचा जिना होतो. आवाजाच्या पातळ्या अवघ्या सोळा, म्हणून स्वर हळूहळू विझवताना त्या पायऱ्याही कानाला कळतात. चढउताराचा आपोआप चालणारा आकार तिघांत मिळून एकच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचा तरंग चौकोनी असतो, आणि चौकोनी तरंगात केवळ विषम उपस्वर असतात. तिसरा, पाचवा, सातवा असे. मिरजेचा कारागीर घोडीवर जवारी काढून सगळे उपस्वर ज्या तेजाने उभे करतो ते येथे मिळणार नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा जो उद्योग उभारला, त्यापुढे ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवण्याचे काम होतेच. आपला हा आयसी तानपुरा होणार नाही. त्याने तो होऊही नये.

१९८४ च्या सुमारास यामाहाचा वायएम-२१५१ खेळांच्या पाट्यांवर आला आणि आवाजाचा पोत पालटला. जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली सापडलेली युक्ती, म्हणजे एका तरंगाच्या कंप्रतेला दुसऱ्या तरंगाने वेगाने हलवले की घंटेपासून पितळी वाद्यापर्यंत नाना नाद उत्पन्न होतात, ती या आयसीत आठ स्वरांसाठी उपलब्ध झाली. 'स्ट्रीट फायटर टू'चे संगीत याच आयसीचे. त्यातल्या आरोळ्या मात्र शेजारच्या ओकी कंपनीच्या आयसीत साठवलेल्या होत्या. नाद श्रीमंत झाला, हे निःसंशय. पण या आयसीच्या दफ्तरात तारेची लांबी लिहायची सोय नाही. तेथे सप्तक कितवे आणि बारांपैकी पट्टी कोणती, असे विचारणारा छापील नमुना आहे. पियानो त्याच्या सिलिकॉनमध्येच ओतलेला आहे. सुदैवाने दोन पट्ट्यांमध्ये चौसष्ट पायऱ्या ठेवल्या आहेत. आपला शुद्ध गंधार हवा असेल तर कोमल गंधाराच्या घरी जायचे आणि तेथून पंचावन्न पायऱ्या चढायच्या. मग तो मिळतो, अगदी केसाच्या अंतरावर मिळतो. मिळतो खरा, पण आपल्याच घरी शेजाऱ्याच्या दारातून शिरल्यासारखे होते. म्हणून नादाने गरीब असलेला जुना आयसीच मला जवळचा वाटतो.

हे सर्व ऐकून एखाद्या तरुणाने विचारावे की हे बांधायला लागते काय, तर उत्तर थोडक्यात देता येते. आयसी एक, तो जुना असतो, कोणा पाटीवरून उपसलेला असतो. उदगीरहून हैदराबाद जवळ, म्हणून आपल्याकडचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कोठीच्या गुजराती गल्लीत जातात. पुण्याला बुधवार पेठ आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. विकत घेताना पाठीवरचा छापा बोटाने नव्हे तर अ‍ॅसिटोन लावलेल्या कापसाने पुसून पाहावा. काळा रंग निघून खालून दुसरेच नाव उघडे पडले तर तो आयसी बनावट दस्तऐवज समजावा. यामाहाचा वायएम-२१४९ मिळाला तर उत्तम, कारण तो याचाच सख्खा भाऊ आहे आणि त्याचा सव्विसावा पाय जमिनीला जोडला की स्फटिकाचे ठोके तो आतच निम्मे करतो, त्यासाठी वेगळा आयसी लावावा लागत नाही. हुकूम पाठवायला आर्डुइनोची एखादी छोटी संगणक-पाटी पुरे. पाच व्होल्टची स्वच्छ वीज, आयसीच्या अगदी पायाशी १०४ नंबरचा सिरॅमिक कंडेन्सर, तीन स्वर एकत्र आणायला तीन रेझिस्टन्स, चौकोनी तरंगाची धार थोडी बोथट करायला आणखी एक कंडेन्सर, आणि शेवटी एलएम-३८६ चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. जमिनीची तार सर्वत्र एकाच ठिकाणी आणावी. आपल्याकडच्या विजेत जी गुरगुर असते ती अशाच निष्काळजी जोडातून स्पीकरपर्यंत पोहोचते. सोल्डरचा डाग चमकदार असावा. मळकट, कोरडा डाग दिसायला जोड आणि वागायला तोड असतो, हे येथल्या कोणत्याही जुन्या मेकॅनिकला सांगावे लागणार नाही.

आणि हे कौशल्य आपल्या भागात नाही असे कोणी म्हणू नये. तीन पायांचा, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा यूएम-६६ घेऊन दारावरची घंटी गाती करणारे, यूएम-३५६१ मधून पोलिसांच्या गाडीचा आणि रुग्णवाहिकेचा भोंगा काढून ते गणपतीच्या आराशीला जोडणारे हात आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते हात ध्वनी-आयसीशीच बोलत होते. फरक एवढाच की त्या आयसींत चाल कारखान्यातच कोरलेली होती, आणि माणसाकडे फक्त कळ दाबण्याचा अधिकार उरला होता. मी ज्या दफ्तराची गोष्ट सांगतो आहे त्यातले रकाने कोरे आहेत.

मग आज खिशातल्या फोनमध्ये हवा तो नाद, हवी ती पट्टी, जगातल्या कोणत्याही गवयाचा आवाज उपलब्ध असताना हा उपद्व्याप कशासाठी, असा आक्षेप येईल. नव्हे, तो माझ्या घरातूनच आलेला आहे. त्याला मी तात्त्विक उत्तर देत नाही. फोनमध्ये पंचम का गोड लागतो हे दिसत नाही. येथे ७२० आणि ४८० हे दोन आकडे शेजारी लिहून दिसते. ४८० चा ४८१ केला की दोन स्वरांच्या मधे एक मंद हेलकावा उठतो, तो मोजता येतो, ४८२ केला की त्याची गती दुप्पट होते, आणि परत ४८० वर आला की तो नाहीसा होतो. गवई ज्याला 'जुळला' म्हणतो ते काय आहे, हे भौतिकशास्त्राच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्याला एकाच टेबलाशी बसवून समजावण्याची याहून स्वस्त सोय माझ्या पाहण्यात नाही. आपल्या महाविद्यालयांत हे दोन वर्ग एकमेकांच्या खोलीत सहसा पाऊल टाकत नाहीत. का टाकत नाहीत, हे मी विचारत नाही. मी फक्त अशी एक बांधलेली पाटी बरोबर आणली आहे.

ती शेजारच्या खोलीत मांडली आहे आणि सभेनंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी ती वाजवून पाहावी. तिच्यावर एक काम अपुरे आहे, ते सांगून थांबतो. मध्य सप्तकाचे बारा स्वर पूर्णांकात बसले, हे आपण पाहिले. तार सप्तकासाठी तेच आकडे निम्मे करायचे: पंचम २४०, मध्यम २७०, कोमल धैवतही २२५ वर सुखरूप पोहोचतो. कोमल रिषभाचे मात्र ६७५ चे निम्मे तीनशे साडेसदतीस होतात, म्हणजे ३३७ आणि वर अर्धा, आणि त्या अर्ध्याला रकान्यात जागा नाही. ३३७ लिहिला तर स्वर किंचित चढा, ३३८ लिहिला तर किंचित उतरा. दोन्ही आकडे आळीपाळीने लिहिले तर सरासरी बरोबर येते, पण स्वर थरथरतो. षड्ज १४४० चा धरला तर हिशेब जुळतो, पण मग सगळे गाणे एक सप्तक खाली उतरते, आणि ते वर आणण्यासाठी ठोके दुप्पट करावेत तर या आयसीला ते सोसण्याची मर्यादा सेकंदाला वीस लाखांची आहे. षड्जासाठी दुसरा एखादा आकडा शोधावा, की भैरवातला तो रिषभ एरवीही झुलायचाच आहे म्हणून थरथर तशीच राहू द्यावी? येथे गाणारेही आहेत आणि डाग देणारेही आहेत. आपण टेबलापाशी भेटू.